पालकाच्या पानातल्या एन्झाइमवर काम सुरू करताना

तू पालक निवडलास, ते बरं केलंस. थंडी सोसणारं पीक आहे आणि हरितलवकं भरपूर मिळतात.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. हरितलवकातलं ग्लिसरॉल-३-फॉस्फेट ॲसिलट्रान्सफरेज हे एन्झाइम ग्लिसरॉलच्या पहिल्या कार्बनवर मेदाम्ल बसवतं. पालक, वाटाण्यात ते ओलेइक आम्ल निवडून घेतं, भोपळ्यात मात्र पामिटिकही सहज चालतं. पामिटिक संपृक्त असल्यामुळे त्यापासून बनलेलं फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल (हरितलवकाच्या पटलातला एक मेद) गारठ्यात लवकर घट्ट होतं. १९९२ साली मुराता आणि सहकाऱ्यांनी भोपळ्याचं जनुक तंबाखूत घातलं, तेव्हा ती झाडं थंडीला हळवी झाली.

ही निवड मोजायची तर दोन्ही मेदाम्लं एकाच नळीत, एकत्र दे. वेगवेगळी दिलीस तर फरक झाकला जातो, कारण पानात ती एकमेकांशी स्पर्धा करत असतात. आणि ती एसीपीला, म्हणजे हरितलवकात मेदाम्ल वाहून नेणाऱ्या प्रथिनाला, जोडलेलीच हवीत. त्याऐवजी कोएन्झाइम-ए हा दुसरा वाहक स्वस्त पडतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मी तरी मानणार नाही.

मेद काढताना पान तसंच खलात कुटू नकोस. पेशी फुटल्या की फॉस्फोलायपेज डी हे एन्झाइम लगेच मेद तोडायला लागतं. पान तोडल्या तोडल्या ७५ अंशांच्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये टाक, पंधरा मिनिटं ठेव. माझे सुरुवातीचे कित्येक आठवडे याच चुकीत गेले.

शिवाय अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाचा फॅब१ हा उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेला प्रकार) आहे, त्याबद्दल अवश्य वाच. त्यात संपृक्त मेद वाढूनही झाड थोड्या दिवसांची थंडी निभावतं, कित्येक आठवड्यांनी मात्र खचतं.