रुगर १०/२२ रायफलमध्ये पुंगळी अडकते म्हणून लगेच एक्स्ट्रॅक्टर बदलू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं. तुम्ही लिहिलंय, रुगर १०/२२, दर मॅगझिनमागे एकदा तरी गोळीची रिकामी पुंगळी बाहेर फेकली न जाता खिडकीत उभी अडकते, ओहायोच्या थंडीत जास्तच, आणि दुकानवाला म्हणतोय एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारी आकडी, गेला. थांबा जरा, पैसे देऊ नका.

मॅगझिन काढणं, चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, रिकामं आहे ना बघणं, ते तुम्हाला माहीत असेलच, त्यात जात नाही.

दुकानाचं नाव घेत नाही, पण आमच्या इथल्या गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याने, माझी रायफल आठवडेच्या आठवडे ठेवून घेतली, फोन केला की "तुमचाच नंबर आहे आता", आणि शेवटी एक्स्ट्रॅक्टर बदलला, त्याची स्प्रिंग बदलली, वर रिकॉइल स्प्रिंगपण, सगळ्याचं बिल लावलं आणि बोल्ट, म्हणजे आत मागेपुढे सरकणारा ठोकळा, तेलात नुसता न्हाऊ घालून दिला. रेंजवर परत तेच! पुन्हा नेली तर म्हणे तुमच्या गोळ्या स्वस्तातल्या आहेत. जुना एक्स्ट्रॅक्टर पिशवीत घालून दिला होता, घरी भिंगातून बघितला तर आकडी एकदम शाबूत. आणि चेंबरला त्या माणसाने ब्रशसुद्धा लावला नव्हता, काळा थर तसाच.

खरं कारण तो थरच. ही रायफल साध्या ब्लोबॅकवर चालते, बोल्टला लॉक नाही, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं. .२२ च्या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेण असतं, ते आणि न जळलेली पावडर, काजळी असं सगळं चेंबरमध्ये बसतं, पुंगळी घट्ट धरली जाते आणि बोल्टचा जोर ती ओढण्यातच संपतो, मग ती बाहेर फेकणार कशी? त्यात तेल ओतलं की चिखल, आणि थंडीत तो चिखल आणखी जड.

मी काय करतो सांगतो. स्टॉकचा, म्हणजे दस्त्याचा, स्क्रू काढला की सेफ्टीचं बटण मधोमध ठेवायचं, नाहीतर रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात असतो तो सांगाडा, वर येतच नाही. खाली टॉवेल घाला, बोल्ट स्टॉपची पिन आपोआप पडते आणि सोफ्याखाली जाते. चेंबरला सॉल्व्हंट लावून थोडं मुरू द्या, मग ब्राँझ ब्रश. रिसीव्हर मागून बंद आहे त्यामुळे लोक सफाईचा रॉड पुढून घालतात, मला ते अजिबात पटत नाही, नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम गेला. चेंबरकडून ओढायची केबल मिळते ती घ्या. एक्स्ट्रॅक्टरच्या आकडीखाली टूथपिक फिरवा, काय काय निघतं बघा. मग तेल बोल्टच्या घासणाऱ्या बाजूंना आणि रिकॉइल स्प्रिंगच्या गाइड रॉडला, बोटाला जाणवेल इतकंच, बाकी पुसून कोरडं. मॅगझिनच्या आत तेल नको म्हणजे नको. ट्रिगरचा भाग परत बसवताना हॅमर कॉक केलेला, म्हणजे मागे ओढलेला, हवा. नळी मात्र मी क्वचितच घासतो, यावर इथे भांडणं होतील, होऊ देत.

एवढं करूनही अडकली तर हाय व्हेलॉसिटीच्या गोळ्या वापरून बघा, सबसॉनिकवर, म्हणजे कमी वेगाच्या गोळ्यांवर, थंडीत ही कुरकुरतेच. तरी नाही तर मग खुशाल एक्स्ट्रॅक्टर बदला, आकडी झिजते हेही खरंय. मी काही गनस्मिथ नाही, मॅन्युअल आधी वाचा.

हे सगळं गॅरेजमध्ये करा, किचनच्या ओट्यावर नको, त्या काजळीत शिसं असतं, नंतर साबणाने हात धुवा.

तुमचा एच१बीवाला रूममेटही ही रायफल चालवतो असं लिहिलंय म्हणून सांगतो, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि गोळ्या बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद आहेत. ते वकिलाला विचारा, मला नको. आणि रेंजची बॅग भारतात जाताना अजिबात वापरू नका, अस्तरात एक .२२ ची गोळी राहिली तरी मुंबई एअरपोर्टवर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि तुमची सुट्टी कोर्टात जाते.