वादळानंतर कारखान्यांतून झालेली वायुगळती विमानातून ओळखता येते का? बडोद्याच्या परिसरात त्याचा उपयोग होईल का?

होय, अमोनियासारख्या पुष्कळ वायूंची गळती विमानातून ओळखता येते. मात्र क्लोरीनची या पद्धतीने येत नाही, आणि बडोद्याच्या आसपास तो तयारही होतो व वापरलाही जातो, त्यामुळे हा अपवाद आपल्यासाठी लहान नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ‘अ‍ॅस्पेक्ट’ ही विमानावरील यंत्रणा 2005 च्या कतरिना आणि 2017 च्या हार्वे वादळानंतर अशाच पाहणीसाठी वापरली गेली. हार्वेच्या वेळी टेक्सासमधील क्रॉस्बी येथील रासायनिक कारखान्यात पुराने वीज गेली, शीतकरण बंद पडले आणि थंड ठेवावी लागणारी सेंद्रिय पेरॉक्साइड ही साठवलेली रसायने पेटली. म्हणजे धोका वाऱ्याइतकाच बंद पडलेल्या यंत्रांतूनही येतो. विमानातील वर्णपटमापी (प्रारणे तरंगलांबीनुसार वेगळी करून मोजणारे यंत्र) जमिनीकडून येणारी अवरक्त प्रारणे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणे, टिपतो आणि वाटेत अमोनियाचा लोट असेल, तर 10 ते 11 मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात त्याची ठरलेली खूण उमटते. मी येथील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत एफटीआयआर यंत्रावर, म्हणजे अवरक्त प्रारणांवरून पदार्थ ओळखणाऱ्या वर्णपटमापीवर, काम करतो; तत्त्व तेच, फक्त यंत्रातील तापलेल्या स्रोताऐवजी येथे जमीन असते. क्लोरीनच्या रेणूतील दोन्ही अणू एकसारखे असल्यामुळे तो ही प्रारणे जवळपास शोषतच नाही, म्हणून त्याच्यासाठी कारखान्याच्या कुंपणालगत बसवलेल्या संवेदकांवरच विसंबावे लागते. ढग खाली उतरलेले असतील, तर वरून अमोनियाही दिसत नाही, आणि वादळानंतरचे पहिले काही तास बहुधा तसेच असतात.