टोकियोत स्टेशन एक, कंपन्या दोन: पास कुठे चालतो?

तुमचे प्रश्न दोन. टोकियोत भुयारी रेल्वे चालवणाऱ्या कंपन्या दोन, टोकियो मेट्रो आणि तोएई; मुक्काम शिरोकानेदाईला आणि हातात टोकियो मेट्रोचा २४ तासांचा पास असेल, तर तोएईच्या गाडीत बसता येईल का? आणि कुदानशिता स्टेशनात दोन्ही कंपन्यांच्या फलाटांमधली भिंत पाडल्यापासून तिथे एकच तिकीट चालतं का? पहिल्याचं उत्तर हो, पण अगदी थोड्या अंतरापुरतं. दुसऱ्याचं नाही.

मेगुरो ते शिरोकाने-ताकानावा हा २.३ किमीचा मार्ग टोकियो मेट्रोचा आहे; शिरोकानेदाई त्याच्या मध्येच येतं. २६ सप्टेंबर २००० पासून त्याच रुळांवरून मेट्रोची नाम्बोकू आणि सरकारी तोएईची मिता, अशा दोन्ही लाइनच्या गाड्या धावतात. एवढ्या टप्प्यात गाडी कोणाची हे बघायची गरज नाही, पास दोन्हींत चालतो. घोळ होतो तो पुढे. शिरोकाने-ताकानावानंतर फाटा फुटतो: नाम्बोकू अझाबु-जुबानला जाते, मिता लाइन मिता स्टेशनला. तुम्ही मिताच्या गाडीत (निळी खूण) बसून राहिलात, तर शिरोकाने-ताकानावापासून उतराल तिथपर्यंतचं तोएईचं भाडं वेगळं भरावं लागेल. त्यामुळे शिरोकाने-ताकानावालाच उतरा, त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला या आणि नाम्बोकू (पाचूसारखा हिरवा रंग) पकडा. जिने चढायचे नाहीत. काही गाड्या तिथूनच परत फिरतात, तेव्हा फलकावरचं शेवटचं स्टेशनही वाचा.

आता कुदानशिता. तोएईची शिंजुकु लाइन तिथे १९८०त आली, मेट्रोची हानझोमोन १९८९त. दोन्हींचे फलाट पाठीला पाठ लावून, मध्ये भिंत, म्हणून पलीकडे जायला वर चढून गेटमधून वळसा घ्यावा लागे. मार्च २०१३मध्ये भिंत गेली आणि मधलं गेटही गेलं. भाडं मात्र दोन कंपन्यांचंच राहिलं. सुइका किंवा पास्मो (आधी पैसे भरून गेटला टेकवायचं कार्ड) असेल तर दोन्ही भाड्यांची बेरीज होऊन ७० येनची सूट आपोआप मिळते. कागदी तिकीट घ्यायचं तर मशीनवर बदलीचं तिकीट निवडा, नाहीतर उतरताना गेटआधीच्या मशीनवर फरक भरा. तुमच्या पासवर पलीकडची गाडी पकडता येईल, कारण मध्ये अडवायला काहीच नाही. अडवेल ते तोएईच्या स्टेशनवरचं बाहेरचं गेट. लोक फसतात ते इथेच.

शिवाय समोरासमोर येणाऱ्या गाड्या उलट दिशांच्या आहेत: ४ नंबरच्या फलाटाला हानझोमोनची ओशिआगेकडे जाणारी, ५ नंबरला शिंजुकुकडे जाणारी. शिबुयाहून येऊन पुढे पूर्वेलाच, म्हणजे शिंजुकु लाइनवरच्या इवामोतोचोकडे जायचं असेल, तर तुम्हाला ५ नंबरचा काही उपयोग नाही. भिंत पाडल्याचं कौतुक जरा जास्तच झालं, असं माझं मत. आणि शिरोकानेसारखे रूळ इथे वाटून घेता येणार नाहीत: हानझोमोनचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) १०६७ मिमी, शिंजुकु लाइनचा केइओ रेल्वेशी जुळवलेला १३७२ मिमी.

दिवसभरात दोन्ही कंपन्यांच्या गाड्या लागणार असतील, तर पर्यटकांसाठीचं 'टोकियो सबवे तिकीट' घ्या. २४, ४८ किंवा ७२ तासांचं मिळतं आणि मेट्रो-तोएईच्या सगळ्या भुयारी लाइनवर चालतं. जेआर या तिसऱ्या रेल्वे कंपनीवर मात्र नाही. मेगुरोला जेआरची यामानोते लाइन पकडायची तर वेगळे पैसे.