पद्मिनीचं इंजिन: आधी पिस्टन, मग बोअर

साताऱ्याहून एक वाचक: माझी १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन उघडलंय, सिलिंडर झिजलेत. मेकॅनिक म्हणतो, ब्लॉक आत्ताच बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठे करून) ठेवू, पिस्टन सावकाश शोधू. चालेल का?

उत्तर: चालणार नाही. पिस्टन हातात येईपर्यंत ब्लॉकला हात लावू देऊ नका. हे इंजिन १०८९ सीसीचं. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ७५ मिमी. पूर्वी प्रत्येक ओव्हरसाइझचा (मूळ मापापेक्षा मोठ्या पिस्टनचा) सेट दुकानात मिळायचा, आता जो मिळेल तो घ्यावा लागतो. एका मापाला बोअर केलं आणि त्या मापाचा सेट सापडलाच नाही, तर ब्लॉक पुन्हा कापावा लागतो. गेलेलं लोखंड परत येत नाही.

आधी बोअर गेजने मापं घ्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली. तिन्ही ठिकाणी क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) रेषेत एकदा आणि तिला काटकोनात एकदा. म्हणजे एकूण २४ मापं. पिस्टनभोवतीची वरची रिंग जिथे थांबते त्याच्या लगेच खाली झीज सर्वांत जास्त असते, कारण तिथे दाब जास्त आणि तेल कमी. चारांतलं सर्वांत वाईट सिलिंडर पुढचं माप ठरवतं. ते घेऊनच बाजारात जा.

पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाचून पैसे देऊ नका. नुसतं ‘२०’ लिहिलेलं असेल, तर ते ०.२० मिमी असू शकतं किंवा २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.५०८ मिमी. दोन्हींत ०.३ मिमीचा फरक आहे. मायक्रोमीटर सोबत न्या आणि पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या भागावर), पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या दांड्याच्या) काटकोनात मापा. चारही पिस्टन तराजूवर ठेवा. ४-५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर तो सेट जुळवलेला नाही, इकडून तिकडून गोळा केलेला आहे. मग पिस्टनवर १ ते ४ आकडे टाकून ते लेथवाल्याकडे द्या आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनला बोअर व होन (बारीक घासून नेमक्या मापाला) करून घ्या. क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंत यांमधली मोकळी जागा) पिस्टनच्या डब्यातल्या कागदावर असतो तोच ठेवायचा.

शेवटी रिंग. ती नुसती सिलिंडरमध्ये ठेवा, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पानांनी) पाहा. ६८ मिमीच्या बोअरला ०.२० ते ०.३० मिमी ठीक. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग मोडते आणि नवी होन केलेली भिंत खरवडते.

कुठलाच ओव्हरसाइझ मिळाला नाही तर चारही सिलिंडरमध्ये स्लीव्ह (नवी आतली नळी) घालून ६८ मिमीवर परत या. खर्च वाढतो, पण ब्लॉक वाचतो.

ठाण्याहून एक वाचक: इटलीत ‘फियाट ११०० डी’चे पिस्टन नवे मिळतात. मागवू का? इथे कुठे शोधावं?

उत्तर: पद्मिनी मूळची फियाट ११०० डीच. पण नाव एक, इंजिन वेगळं. इटलीतली ११०० डी १२२१ सीसीची होती, बोअर ७२ मिमी. भारतातल्या गाडीने १०८९ सीसीच ठेवलं. मागवायचंच असेल तर ‘६८ मिमी बोअर’ असं लिहून मागवा आणि जुना पिस्टन समोर ठेवून पिनचा व्यास, पिनपासून डोक्यापर्यंतची उंची, रिंगांच्या खाचांची रुंदी अशी सगळी मापं पाठवा. तीच काळजी इथेही: काउंटरवर ‘प्रीमियर’चा पार्ट म्हणून ११८ एनईचा, म्हणजे प्रीमियरच्याच दुसऱ्या गाडीचा, पुढे केला जातो. तिचं इंजिन निस्सानचं, ११७१ सीसीचं. त्यातलं इथे काही बसत नाही.

मुंबईत ऑपेरा हाउसचा स्पेअर बाजार आणि कुर्ल्याची सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. बाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बाद झाली. रोजचं गिऱ्हाईक गेलं की दुकानदार माळ्यावरचा माल भंगारात काढतो, म्हणून शोध पुढे ढकलू नका.

म्हापशाहून एक वाचक: न उघडलेला जुना गॅस्केट सेट आणि ऑइल सील मिळालेत. वापरू का?

उत्तर: सील वापरू नका. रबर डब्यातही कडक होतं. ओठ वाकवून पाहिला तर बारीक चिरा दिसतील. सीलवर तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते दाखवले की बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात नवं सील मिळतं. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांमधलं) सपाट असेल, थर सुटले नसतील तर चालेल. पण बोअर केलेल्या ब्लॉकवर ठेवून पाहा. गॅस्केटची कडा सिलिंडरच्या आत डोकावत असेल तर ती जळणार. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या मात्र इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, नव्याच घ्या.

कोल्हापूरहून एक वाचक: टॅक्सीतून काढलेलं हेड स्वस्तात मिळतंय. काय पाहावं?

उत्तर: एक्झॉस्ट सीट (धूर सोडणारा व्हॉल्व्ह टेकतो ते कडं) आधी पाहा. मुंबईच्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर होत्या. त्या कोरड्या इंधनात सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसतो. सीट बदलता येते, आणि बदलायचीच तर कडक धातूची घाला. २०००पासून पेट्रोलमध्ये शिसं नाही, त्यामुळे मऊ सीटला पेट्रोलवरही संरक्षण उरलेलं नाही. मग हेडचा तळ पाहा. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं: पोलादी पट्टी तिरकी ठेवून ०.०५ मिमीचं पान खालून जात असेल तर फेसिंग (तळ घासून सपाट) करावं लागेल. आधीच बरंच फेसिंग झालेलं असेल तर सोडून द्या. पाण्याच्या भोकांभोवती धातू खाल्लेला असेल आणि ती खाच गॅस्केटच्या कड्याखाली पोहोचली असेल, तर वेल्डिंगचा खर्च धरून भाव करा.

नाशिकहून एक वाचक: क्रँक ‘दहा’ला घासायला टाकू का?

उत्तर: इथेही आधी शेल (क्रँक ज्यांत फिरतो त्या बेअरिंगच्या पट्ट्या) घ्या. ‘दहा’ म्हणजे दहा थाऊ, ०.२५४ मिमी. तीन मेन (ब्लॉकमधले) आणि चार बिगएंड (कनेक्टिंग रॉडचे), सगळे त्याच मापाचे मिळाले तरच क्रँक द्या. ग्राइंडरवाल्याला जर्नलच्या (शेलमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवायला सांगा. तिथे धारदार कोपरा राहिला की क्रँकला तडा तिथूनच जातो.