मालवणच्या पाण्यात उतरण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवण-तारकर्लीला जाणार आहोत. मला पोहता येत नाही. तरीही सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा करता येते, त्यासाठी काहीही शिकावे लागत नाही, असे सगळेच सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पोहता येत नसले तरी प्रशिक्षकाच्या हाताखाली उथळ पाण्यात उतरता येते, हे खरे आहे. काहीही शिकावे लागत नाही, हे मात्र खरे नाही. उतरण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या समजलेल्या असाव्यात आणि कमरेएवढ्या पाण्यात करून पाहिलेल्या असाव्यात.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे श्वास कधीही रोखून धरायचा नाही. समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो आणि पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. सहा मीटरांवर घेतलेला भरपूर श्वास तसाच कोंडून कोणी घाबरून वर धावला, तर पृष्ठभागापर्यंत येताना ती हवा साधारण १.६ पट फुगू पाहते. फुप्फुसांना तेवढी जागा नसते. त्यांना इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात शिरले, तर प्रसंग जिवावर बेततो. उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी, हा समज म्हणूनच काढून टाकावा, कारण पटीच्या हिशेबाने दाबातला बदल सर्वांत जास्त होतो तो याच वरच्या थरात. पोहता न येणाऱ्या माणसाची पाण्यातली पहिली सवय श्वास कोंडण्याची असते, आणि सरावाने मोडायची आहे ती नेमकी हीच.

दुसरी गोष्ट कानांची. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलायची, तीही कान दुखू लागण्यापूर्वी, अगदी पहिल्या मीटरापासून. कान मोकळा झाला नाही तर जोर लावू नये. थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा, आणि तरीही जमले नाही तर त्या दिवशी उतरू नये. सर्दी असताना तर होडीतच बसून राहावे. पैसे भरले आहेत म्हणून दुखरा कान घेऊन खाली जाणारे पर्यटक कमी नाहीत.

तिसरी गोष्ट खुणांची. अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक आहे’ हे सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. कॅमेऱ्यासमोर उत्साहाने अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षकाने लगेच वर आणले, तर त्यात प्रशिक्षकाची चूक नाही.

हे सारे समजावून सांगायला आणि करून घ्यायला पुरेसा वेळ लागतो. व्हिडिओ मोफत मिळेल का, हे आपण विचारालच. त्याआधी एका प्रशिक्षकाकडे किती माणसे असतील आणि सराव कुठे घेतला जाईल, हे विचारावे. किनाऱ्यावर याची उत्तरे टाळली गेली, तर दुसरीकडे जावे. पावसाळ्यात, साधारणपणे जून ते सप्टेंबर, हा व्यवसाय बंद असतो आणि पाऊस सरल्यावरही नदीच्या मुखाजवळचे पाणी निवळायला वेळ लागतो, त्यामुळे दिवाळी लवकर आली असेल तर पाणी नितळ असेलच असे धरून चालू नये.

प्रश्न : एकदा स्कूबा केल्यामुळे मला प्रमाणपत्र मिळाले आहे. आता मी स्वतंत्रपणे डाइव्ह करू शकतो का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नाही. ते सहभागाचे प्रमाणपत्र आहे. जगभर मान्य असलेला पहिला टप्पा ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा असून ‘पॅडी’सारख्या संस्थांच्या या अभ्यासक्रमात लेखी भाग, तलावातला किंवा बंदिस्त पाण्यातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. पोहण्याची परीक्षाही असते : २०० मीटर न थांबता पोहणे आणि १० मिनिटे तरंगत राहणे. मास्कमध्ये शिरलेले पाणी खालीच काढून टाकणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाला पुरवणारे उपकरण) शोधून परत लावणे, हवा संपल्यास जोडीदाराच्या हवेवर वर येणे, हे सारे पुन्हा पुन्हा करून घेतले जाते. हे पूर्ण करणाऱ्या प्रौढाला जोडीदारासह १८ मीटरांपर्यंत जाता येते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला यासाठी प्रशिक्षण संस्था उभारली असून तिथे सरावाचा तलावही आहे.

प्रश्न : अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दिवशी सकाळी दोन डाइव्ह करून दुपारीच आंबोली घाटाने कोल्हापूरला परतायचे आम्ही ठरवले होते. प्रशिक्षकांनी मनाई केली. विमानाचे समजू शकतो, पण घाटाला काय हरकत? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्रशिक्षकांचे म्हणणे योग्य आहे, आणि घाटमाथ्यावरून किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावे. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन डाइव्हदरम्यान रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता जाण्यापूर्वीच उंचावर गेल्याने बाहेरचा दाब आणखी उतरला, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण काढल्यावर होते तसे बुडबुडे शरीरात तयार होऊ शकतात. डाइव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ‘डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या शिफारशीनुसार, पाण्यातून वर येताना थांबे घ्यावे न लागणाऱ्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानप्रवास करू नये. ही मर्यादा सुमारे ६०० मीटर उंचीपासून लागू होते, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून त्याहून उंच, साधारण ६९० मीटरांवर आहे. सकाळी ११ वाजता शेवटची डाइव्ह संपली, तर १८ तास दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भरतात. म्हणजे एक मुक्काम वाढवून न्याहारीनंतर निघावे, एवढाच हा बदल आहे.

डाइव्हनंतर सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या येणे, त्वचेवर चट्टे उठणे किंवा विलक्षण थकवा जाणवणे, यांपैकी काहीही झाले तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नये. रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन देत तातडीने डॉक्टरांकडे न्यावे आणि डाइव्ह केल्याचे त्यांना आवर्जून सांगावे, कारण खरा उपचार दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंदिस्त खोलीत, होतो.

प्रश्न : सिलिंडरमधल्या ऑक्सिजनने दम्याच्या माणसाला उलट फायदाच होईल ना? (एक गृहिणी, चिपळूण)

उत्तर : सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतोच. गाळून कोरडी केलेली साधी हवा त्यात सुमारे २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास २०० पट, दाबाने भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरांच्या खाली घेतल्यास झटके येऊ शकतात. दमा असेल तर श्वासनलिकेत हवा अडकून वर येताना फुप्फुसाला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून तपासणी करून डॉक्टरांनी लेखी संमती दिल्याशिवाय पाण्यात उतरू नये. अपस्मार, हृदयविकार आणि कानाची शस्त्रक्रिया यांबाबतही हेच. गरोदरपणात तर मुळीच उतरू नये. किनाऱ्यावर भरून घेतल्या जाणाऱ्या आरोग्यपत्रकात ‘नाही’ ‘नाही’ अशा खुणा करत जाऊ नये. प्रत्येक ओळ वाचून खरे उत्तर लिहावे, आणि असे पत्रक कोणी दिलेच नाही, तर ते मागून घ्यावे.