सीलाकँथस : काटा, मणका आणि शून्य

प्रश्न असा आला आहे : 'सीलाकँथस' या नामशेष सागरी माशाच्या नावाचा उच्चार 'कोएलाकांथस' असा करावा काय, आणि मराठीत त्याला 'पोकळ मणक्याचा मासा' म्हणावे काय?

उच्चाराचे आधी उरकतो. ग्रीक शब्द लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत पोहोचेपर्यंत आरंभीच्या 'क'चा 'स' झाला. शाळेत 'सिलेंटेराटा' (जेलीफिश, हायड्रा यांचा संघ; त्याच्या आरंभीही हाच ग्रीक शब्द आहे) बिनचूक म्हणणाऱ्यांनी येथे 'कोएला' म्हणून कोळशाची वखार उघडण्याचे कारण नाही. एका अनुवादित लेखात तर मी 'समुद्री लाकांथ' असेही वाचले आहे! मासा समुद्रातला होता हे खरे, पण या 'सी'मध्ये समुद्राचा थेंबही नाही.

'पोकळ मणक्या'ची मात्र मला खरोखर चीड आहे, कारण कोशकारही ते एकमेकांवरून उतरवून घेतात. ईशान्य इंग्लंडमधील डरॅम परगण्यात, पर्मियन काळातील म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडलेल्या एका शेपटीवरून स्विस निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासीझ यांनी १८३९ मध्ये ही प्रजाती वर्णिली. त्यांना पोकळ दिसले ते शेपटीच्या पराला आधार देणारे काटे; मणक्यांचा तेथे संबंधच नव्हता. शिवाय या गटातील माशांना पूर्ण घडलेले मणके नसतातच, त्यांच्या जागी जन्मभर पृष्ठरज्जू, म्हणजे कण्याचे काम करणारा लवचीक दांडा, टिकून असतो. जे नाही, ते पोकळ कसे असेल?

घोटाळ्याचे मूळ 'अकांथा' या ग्रीक शब्दात आहे. त्याचा अर्थ झाडाचा काटा, आणि माशाचा कणाही. इंग्रजीतून आलेल्या माणसाला येथे दोन अर्थांतून एक निवडावा लागतो. आपल्याला लागत नाही, कारण बाभळीचाही काटाच आणि ताटातल्या बांगड्याचा मधला काढतो तोही काटाच. इतका नेमका शब्द घरात असताना 'मणका' शोधत बाहेर जाण्याला काय म्हणावे? (कोरांटी, अडुळसा आणि कारवी ज्या कुळात मोडतात, त्या अ‍ॅकॅन्थेसी कुळाच्या नावातही हाच काटा आहे; अडुळशाला काटे नसतात, ही त्याची तक्रार वेगळी.) 'अकांथा' आणि 'कंटक' ही सख्खी भावंडे आहेत, असे काही हौशी व्युत्पत्तिकार ठासून सांगतात. केवळ कानाला सारखे वाटते म्हणून नाते ठरत असेल, तर मग कोएला आणि कोयलाही एकच.

खरे नाते आहे ते शब्दाच्या पूर्वार्धात. ग्रीक 'कोइलोस' म्हणजे पोकळ. इंडो-युरोपीय भाषांच्या मुळांचा कोश करणारे यूलिउस पोकोर्नी यांनी हा शब्द, लॅटिन 'कावुस' आणि संस्कृत 'शून' व 'शून्य' हे सारे एकाच मुळाखाली घातले आहेत, आणि त्या मुळाचा अर्थ आहे फुगणे. संस्कृतातील 'श्वि' धातू हाच. 'शून' म्हणजे सुजलेला. फुगण्यातून पोकळी कशी आली, हे ज्याला पटत नसेल त्याने टम्म फुगलेली पुरी बोटाने फोडून पाहावी. व्युत्पत्तीत शपथेवर फारसे काही सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही ज्या शब्दाने आपण गणितातले शून्य लिहितो, त्याचाच चुलतभाऊ डरॅमच्या खडकातील शेपटीवर बसला आहे, या कल्पनेवरून माझे मन काही केल्या हलत नाही. म्हणून मी त्याला 'शून्यकंटक' म्हणतो. ज्यांना हे फार संस्कृतप्रचुर वाटेल, त्यांनी 'पोकळकाट्या' म्हणावे.

विचारले नव्हते, पण सांगतो : 'सीलाकँथस जिवंत सापडला' हे वाक्यही चुकीचे आहे. सीलाकँथस ही प्रजाती केव्हाच संपली. डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथे तेथील संग्रहालयाच्या अभिरक्षक मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना मच्छीमारांच्या मालात जो मासा दिसला, तो त्याच गणातील, पण निराळ्या प्रजातीचा होता. मत्स्यशास्त्रज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी १९३९ मध्ये त्याला 'लॅटिमेरिया चालुम्नी' हे नाव दिले. त्यात काटाही नाही आणि शून्यही नाही. आहे ते एका बाईंचे आडनाव आणि जिच्या मुखाजवळ तो मासा सापडला त्या चालुम्ना नदीचे नाव.