क्लायटेम्नेस्ट्रा दोषी आणि ओरेस्टिस निर्दोष, हे कसं?

ग्रीक शोकांतिकेत सगळं नियती आणि देवच ठरवत असतील, तर नवऱ्याला मारणारी क्लायटेम्नेस्ट्रा खलनायिका आणि आईला मारणारा ओरेस्टिस निर्दोष हे कसं, असं तुम्ही विचारलंय. प्रश्नाचा पहिला अर्धा भागच मला मान्य नाही. सगळं नियती ठरवत नाही. 'सगळं नियतीच ठरवते' हे वाक्य आपल्याकडे प्रयोगाआधीच्या प्रास्ताविकात ठोकून दिलं जातं आणि मग कुणाला मूळ नाटक वाचायची गरजच उरत नाही.

होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात देवांचा राजा झ्यूस वैतागून म्हणतो की माणसं उठसूट देवांच्या नावानं बोटं मोडतात, आणि स्वतःच्या मूर्खपणानं नशिबात होतं त्याहून जास्त भोगतात. उदाहरण देतो ते क्लायटेम्नेस्ट्राच्या प्रियकराचं, एजिस्थसचं. देवांचा दूत हर्मीस याला पाठवून त्याला बजावलं होतं की ॲगमेम्नॉनला, म्हणजे क्लायटेम्नेस्ट्राच्या नवऱ्याला, मारू नकोस, त्याच्या बायकोच्या मागे लागू नकोस, त्याचा पोरगा ओरेस्टिस मोठा होऊन सूड घेईल. त्यानं ऐकलं नाही.

आता नाटककार एस्किलस. त्याची 'ओरेस्टेइया' ही नाट्यत्रयी इ.स.पू. 458 मधली. तिच्यातलं पहिलं नाटक, 'ॲगमेम्नॉन', आमच्या हौशी ग्रुपनं अभिवाचनाला घेतलं होतं. इंग्रजीवरून मराठी आम्हीच केलं होतं आणि क्लायटेम्नेस्ट्रा माझ्याकडे होती. दिग्दर्शक वयानं मोठे, सगळे त्यांना दादा म्हणायचे. तालमी निम्म्यावर आल्यावर दादांनी सुरुवातीचा कोरस, म्हणजे नगरातल्या म्हाताऱ्यांच्या समूहानं म्हणायचा भाग, कापला. "लांबतोय. लोक उठून जातील."

त्या कोरसमध्ये काय आहे ते सांगते. ट्रॉयला निघालेलं आरमार ऑलिसच्या किनाऱ्यावर उलट्या वाऱ्यानं अडकून पडलंय. काल्कस हा भविष्यवेत्ता सांगतो की आर्टेमिस देवीला शांत करायचं तर ॲगमेम्नॉनच्या मुलीचा, इफिजिनियाचा, बळी द्यावा लागेल. ॲगमेम्नॉन म्हणतो, ऐकलं नाही तरी संकट, पोरीला मारलं तरी संकट. आणि पुढे म्हणतो, पण मी आरमार सोडून कसा जाऊ, दोस्तांना तोंडघशी कसा पाडू? मग अपरिहार्यतेचं जू तो आपल्या हातानं मानेवर घेतो. पोरीला बकरीसारखं उचलून वेदीवर धरतात. तिनं घराण्याला शाप देऊ नये म्हणून तोंड आवळतात. तिचं केशरी वस्त्र गळून पडतं आणि ती मारणाऱ्यांकडे एकेक करून बघत राहते. बापाच्या मेजवान्यांत हीच पोर गायची, तेही कोरस सांगतो.

हे सगळं कापलं. मग मी नवऱ्याच्या आणि त्यानं ट्रॉयहून आणलेल्या कसांड्राच्या प्रेतांशेजारी उभी राहून म्हणते, "कळपात मेंढरं उदंड होती, तरी ह्यानं वारा पडावा म्हणून माझ्या पोटची पोर कापली, तेव्हा ह्याला का नाही हद्दपार केलंत?" हे ऐकणाऱ्याला कळावं कसं? पोरीचं नाव लोकांनी नीट ऐकलेलंच नाही! त्यांना दिसली फक्त यार घरात ठेवून नवऱ्याला मारणारी बाई. प्रयोगानंतर पहिल्या रांगेतल्या एक आजी "काय बाई तरी एकेक" म्हणाल्या आणि दादा मला म्हणाले, "बघ, पोचलं."

मी भांडले. दादांचं उत्तर ठरलेलं होतं. "अगं, बळी देवीनं मागितला. नियती आहे ती. ग्रीक नाटकात माणसाच्या हातात असतं काय?" मी म्हटलं, मग हिच्याही हातात नव्हतं. त्यावर चहा आला.

गंमत म्हणजे नाटकात क्लायटेम्नेस्ट्रा नेमकं हेच करून बघते. म्हणते, हे मी नाही केलं, ह्या घराण्याच्या मागे लागलेल्या सूडाच्या भुतानं माझ्या रूपात येऊन केलं. कोरस तिला सरळ विचारतो, तू निर्दोष आहेस याची साक्ष कोण देणार? भुतानं हात दिला असेल, पण खून तुझाच. म्हणजे नियतीची सबब बाईला लागू नाही. तिच्या नवऱ्याला मात्र दादांनी ती मोफत वाटली होती, तीही कात्री चालवून.

राहिला ओरेस्टिस. तो निर्दोष ठरत नाही, सुटतो. बापाच्या सूडासाठी आईला मारल्यावर त्रयीच्या शेवटच्या नाटकात त्याच्यावर अथेन्समध्ये खटला चालतो. आईला मारल्याचं तो कोर्टात कबूल करतो आणि अपोलो देवही म्हणतो, मीच सांगितलं होतं. मग अपोलोचा युक्तिवाद येतो की आई ही खरी जन्मदाती नव्हेच, बीज बापाचं, ती फक्त ते सांभाळते. पुरावा म्हणून समोर खटला चालवणारी अथीना देवी, झ्यूसच्या डोक्यातून जन्मलेली. (हसू नका. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बाई क्षेत्र आणि पुरुष बीज असंच आहे, आणि बापाच्या सांगण्यावरून आईला मारणारा परशुराम आपल्याला परका नाही.) अथीना म्हणते, मला आई नाही, मी पुरुषाच्या बाजूची. मतं समसमान पडतात, म्हणून तो सुटतो. याला न्याय म्हणायचं तर म्हणा. निम्म्या मतांना तो पटलेला नाही, हे एस्किलसनंच लिहून ठेवलंय.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. क्लायटेम्नेस्ट्रा साध्वी नाही. गुलाम म्हणून आणलेल्या कसांड्रानं तिचं काहीही बिघडवलेलं नव्हतं, तिलाही ती मारते आणि वर मिरवते. ट्रॉयच्या मोहिमेला झ्यूसचा पाठिंबा होता हेही खरं, त्यामुळे ॲगमेम्नॉनची कोंडी खोटी नाही. आणि ज्या अरीओपागस कोर्टात खटला चालतो, त्याचे बरेचसे अधिकार नाटकाच्या तीन-चार वर्षं आधीच एफिआल्टीस या अथेन्सच्या पुढाऱ्यानं काढून घेतले होते, त्यामुळे त्या निकालात अथेन्सचं ताजं राजकारणही आहे. पुरुषांनी लिहिलेलं आणि मुखवटे घालून पुरुषांनीच केलेलं नाटक हे, बायकांचा जाहीरनामा समजून वाचू नका.

पण वाचा. आणि कोरस लांब वाटत असेल तर आधी युरिपिडीस या दुसऱ्या ग्रीक नाटककाराचं 'ऑलिसमधली इफिजिनिया' घ्या. त्यात ॲगमेम्नॉन मुलीला बोलावल्यावर पस्तावतो आणि माघार घेत नाही तो सैन्य उलटेल या भीतीनं. तिथं क्लायटेम्नेस्ट्रा स्वतः रंगमंचावर आहे. बळीच्या आधी, नवऱ्याच्या तोंडावर ती सांगते की तू माझा पहिला नवरा मारलास, छातीशी धरलेलं मूल हिसकावून मारलंस, आता ही पोरही मार आणि मग घरी ये, कसं स्वागत होतं बघ. ते भाषण कापून कुणी प्रयोग करून दाखवावा.